आधी वावर, मग बॅटरी: वस्तीजवळ मॉडेल हेलिकॉप्टर उडवणाऱ्या खान्देशातल्या नवशिक्यांसाठी

खोक्यातून नवंकोरं हेलिकॉप्टर बाहेर आलं की पाय आपोआप गच्चीकडे वळतात. वळू देऊ नका. गच्ची नको, गल्ली नको, कॉलनीतली मोकळी जागाही नको. आपल्या हातात काय आलंय हे नीट कळेपर्यंत तरी नकोच.

इथे बोलतोय ते रिमोटवर उडणाऱ्या खऱ्या मॉडेल हेलिकॉप्टरबद्दल. यात्रेत मिळणारं खेळणं वेगळं आणि लग्नात शूटिंग करणारा चार पंख्यांचा ड्रोनही वेगळा. ड्रोनच्या स्टिक सोडून दिल्या तर तो बहुधा जागच्या जागी तरंगत राहतो, कारण त्याला जीपीएसचा आधार असतो. हेलीच्या स्टिक सोडल्या तर ती कुठल्या तरी बाजूला कलते आणि निघून जाते. हल्ली काही फ्लायबारलेस युनिटमध्ये, म्हणजे हेलीचा तोल सांभाळणाऱ्या इलेक्ट्रॉनिक डबीत, हेली सरळ करणारं ‘रेस्क्यू’ बटण येतं, ते चांगलंच आहे. पण त्याच्या भरवशावर शेजाऱ्याच्या घरावरून हेली नेणारा माणूस मला तरी शहाणा वाटत नाही.

आपल्याकडे बहुतेक जण व्हिडिओ बघून एकट्यानेच शिकतात. व्हिडिओत उडवणं दिसतं, त्याच्या आधीची तयारी दिसत नाही. आणि सुरक्षिततेचे जवळजवळ सगळे निर्णय बॅटरी जोडण्याआधीच घ्यायचे असतात. पाती फिरायला लागली की तुमच्याकडे दोन अंगठे आणि एक बटण, एवढंच उरतं.

पायरी १: हेली किती मोठी आहे ते समजून घ्या

दुकानात ४५०, ६००, ७०० असे आकडे ऐकू येतात. मोठ्या मॉडेलमध्ये हा आकडा म्हणजे साधारणपणे एका पात्याची मिलिमीटरमधली लांबी. ४५० हे मात्र जुनं चालत आलेलं नाव, त्याची पाती ३२५ मिलिमीटरच्या आसपास असतात. ४५० चं वजन बॅटरीसकट पाऊण ते एक किलो, ७०० चं पाच किलोच्या घरात.

वजन ऐकून कोणी घाबरत नाही, म्हणून वेगाचा हिशोब कागदावर करा. ४५० च्या रोटरचा, म्हणजे फिरत्या पात्यांच्या चक्राचा, व्यास सुमारे ७० सेंटीमीटर, म्हणजे पात्याचं टोक एका फेरीत साधारण २.२ मीटर जातं. मिनिटाला २,८०० फेरे धरले तर मिनिटाला सहा हजार मीटरच्या वर. तासाचे झाले ३७० किलोमीटर. ७०० चा व्यास दीड मीटरहून थोडा जास्त, एक फेरी पाच मीटरची. २,००० फेऱ्यांवर टोक ताशी ६०० किलोमीटरने फिरतं. आणि ते पातं बहुतेक वेळा कार्बन फायबरचं असतं. ते वाकत नाही, लागतं तिथे कापतं, आणि तुटलं तर तुकडे गोळीसारखे सुटतात.

सप्टेंबर २०१३ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातल्या एका बागेत १९ वर्षांचा तरुण स्वतःच्याच मॉडेल हेलिकॉप्टरचं पातं डोक्याला लागून जागीच गेला. तो नवशिका नव्हता, सफाईदार उडवणारा होता. ही गोष्ट घाबरवायला सांगत नाही. घरच्यांनी ‘खेळणं आहे, उडवू द्या’ म्हटलं की त्यांना सांगण्यापुरती लक्षात ठेवा.

माझी वाटणी सरळ आहे. २५० ग्रॅमच्या आतली, एकावर एक दोन रोटर असलेली किंवा ठरावीक कोनाच्या प्लास्टिक पात्यांची छोटी हेली घराच्या हॉलमध्ये, नाहीतर भिंती असलेल्या अंगणात चालेल. पोरंसोरं बाहेर, पंखा बंद. ४५० आली की वस्ती सोडायची; सगळ्यात जवळचं घर, गोठा किंवा रस्ता शंभर मीटरच्या पलीकडे हवा. ६०० आणि ७०० पहिल्या वर्षी घेऊच नका. पैसे असतील तरी नका.

पायरी २: आधी कॉम्प्युटरवर पडून घ्या

सिम्युलेटरचा, म्हणजे कॉम्प्युटरवर हेली उडवण्याच्या प्रोग्रामचा, खर्च एका आपटीच्या दुरुस्तीपेक्षा कमी पडतो. स्वतःचाच ट्रान्समीटर (हातातला रिमोट) डोंगलने कॉम्प्युटरला जोडा, म्हणजे बोटांना तीच सवय लागते.

सुरुवातीला शेपटी आपल्याकडे ठेवून हेली एका जागी तरंगत ठेवायची. मग डावी बाजू, उजवी बाजू. शेवटी नाक आपल्याकडे. नाक आपल्याकडे आलं की डावं-उजवं उलटं होतं, आणि नवशिक्याची हेली नेमकी इथेच त्याच्या अंगावर येते. नाक समोर ठेवून अख्खी बॅटरी संपेपर्यंत न पाडता तरंगवता आली की बाहेर जा. त्याआधी गेलात तर घरच्यांना सोबत नेऊ नका, एवढं तरी करा.

पायरी ३: वावर शोधा

खान्देशात जागेची कमी नाही. अडचण असते ती त्या जागेत काय-काय आहे, याची.

कपाशी उपटून झालेलं वावर दिसायला छान मोकळं. पण बांधावर पऱ्हाट्यांचा ढीग रचलेला असतो, उन्हाळ्यात तो कडकडीत वाळलेला. हेलीची लायपो (लिथियम पॉलिमर) बॅटरी फुटली आणि हेली त्या ढिगात पडली तर विझवायला कोणी पोहोचायच्या आत ढीग पेटेल, आणि वाऱ्याने शेजारचा गव्हाचा काडही. म्हणून ढिगापासून, कडब्याच्या गंजीपासून, गोठ्यापासून लांब. आणि वारा त्यांच्याकडे वाहत असेल तर आणखी लांब.

केळीची बाग शेजारी असेल तर ती भिंतच समजा. रावेर-यावलकडे दोन बागांमधली पट्टी मोकळी दिसते, पण हेली एकदा बागेत शिरली की दिसेनाशी होते, आणि न दिसणारी हेली सावरता येत नाही. शिवाय घडांनी लगडलेल्या खोडात पातं घुसलं तर नुकसान शेतकऱ्याचं.

नांगरलेल्या काळ्या जमिनीत ढेकळं असतात आणि उन्हाळ्यात भेगा. हेली तिरकी उभी राहिली की वेग घेतानाच पातं ढेकळाला लागतं. दोन फूट बाय दोन फूट प्लायवुडचा तुकडा सोबत ठेवा, त्यावरून उडवा आणि त्यावरच उतरवा. सतरंजी किंवा पोतं पसरू नका. रोटरच्या वाऱ्याने ते उचलून पात्यात जातं. प्लायच्या भोवती बाटलीभर पाणी शिंपडलंत तर बेअरिंगमध्ये माती कमी जाईल.

डोकं वर करून तारा बघा. कृषिपंपाच्या तारा, डीपीकडून विहिरीकडे लोंबत गेलेली सर्व्हिस वायर. दुपारच्या उन्हात आकाशाच्या पार्श्वभूमीवर त्या दिसतच नाहीत. त्यामुळे तार नाही, खांब शोधा. दोन खांब दिसले की त्यांच्यामध्ये तार आहे असं धरून चाला. हेली तारेवर अडकली तर बांबूने काढायला जाऊ नका, लोखंडी शिडी तर अजिबात नको. गावातल्या वायरमनला सांगा किंवा वीज कंपनीच्या १९१२ नंबरवर फोन करा. हेली गेली तर गेली.

आता सरकारी बाजू. ड्रोन नियम, २०२१ हे २५ ऑगस्ट २०२१ ला आले. माणूस आत न बसता दुरून उडवलं जाणारं विमान त्यात येतं, आणि आपली हेलीही त्यातच. शिकण्यासाठी, संशोधनासाठी किंवा करमणुकीसाठी, डोळ्यांसमोर उडवलं जाणारं २५ किलोपर्यंतचं यंत्र ‘मॉडेल’ गटात धरलं आहे, त्याला टाइप सर्टिफिकेट, म्हणजे त्या बनावटीच्या यंत्राचं मान्यतापत्र, लागत नाही. २५० ग्रॅमपर्यंत नॅनो, तिथून दोन किलोपर्यंत मायक्रो. नॅनोला, आणि धंद्यासाठी नसलेल्या मायक्रोला रिमोट पायलट सर्टिफिकेट लागत नाही. दोन किलोच्या वर गेलात की लागतं. ६०० आणि ७०० ला नाही म्हणायचं हे आणखी एक कारण. मोडलेल्या नियमाचा दंड एक लाखापर्यंत जाऊ शकतो. नोंदणीचा भाग डीजीसीएच्या (नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या) ऑनलाइन व्यवस्थेतून होतो, तो मॉडेल विकत घेण्याआधी वाचून घ्या, नंतर नाही.

आपल्या भागात खरा खोडा विमानतळाचा आहे. ग्रीन झोनमध्ये, म्हणजे वेगळी परवानगी न काढता उडवता येतं अशा भागात, जमिनीपासून ४०० फुटांपर्यंत उडवता येतं. चालू विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात ही मर्यादा २०० फूट होते, आणि ८ किलोमीटरच्या आत ग्रीन झोनच नसतो. जळगावचा विमानतळ कुसुंबा-नशिराबादच्या बाजूला, शहराला खेटून. त्यामुळे शहराचा बराचसा भाग त्या आठ किलोमीटरमध्ये येतो. मेहरूण तलावाचा काठ सकाळी कितीही सुटसुटीत वाटला तरी तो विमानतळाच्याच अंगाला आहे. धुळ्याजवळ गोंदूरची धावपट्टी आणि शिरपूरची धावपट्टी, दोन्हीकडून शिकाऊ वैमानिकांची छोटी विमानं उडतात. भुसावळ आणि वरणगावचे आयुध कारखाने, दीपनगरचं वीज केंद्र, या ठिकाणांच्या आसपास तर खोकंही उघडू नका. प्रत्येक नव्या जागी जाण्याआधी सरकारी डिजिटल स्काय नकाशावर ती जागा कुठल्या रंगात आहे ते बघा, दोन मिनिटांचं काम आहे.

शिकणाऱ्याला ४०० फूट लागतही नाहीत, हे वेगळं. शंभर फुटांवर ४५० ची शेपटी कुठे आणि नाक कुठे, हे कळणं बंद होतं.

पायरी ४: माणसांना आधी सांगा

वावर कोणाचं तरी असतं. परवानगी तोंडी चालते, पण ती मालकाची हवी. सालदाराची नाही, त्याच्या पुतण्याची नाही.

“नाना, पऱ्हाट्या उपटून झाल्या ना तुमच्या? रविवारी सकाळी तासभर हेलिकॉप्टर उडवू का तिथे?”

“उडव ना. पण बांधाकडल्या हरभऱ्यात पाय घालू नको, अन् बैलं बांधलेली असली तर परत जाय.”

नानांनी बैलांचं सांगितलं ते शंभर टक्के बरोबर. हेलीचा आवाज बैलाला ओळखीचा नसतो. रस्त्याने बैलगाडी जाताना दिसली की हेली खाली, मोटर बंद, गाडी लांब जाईपर्यंत थांबायचं. बुजलेला बैल गाडीवरच्या माणसाला पाडतो आणि त्याचा दोष रस्त्याला देता येत नाही.

शाळा-कॉलेजचं मैदान हवं असेल तर अर्ज लेखी द्या. गावच्या मोकळ्या जागेसाठी ग्रामपंचायतीला विचारा आणि पोलीस पाटलांच्या कानावर घाला. २०२४ च्या पावसाळ्यात राज्यातल्या बऱ्याच गावांत रात्री घिरट्या घालणाऱ्या ड्रोनची भीती पसरली होती; तेव्हापासून आकाशात काही गुणगुणलं की लोक आधी संशय घेतात, मग विचारतात. अंधारात उडवू नका, हे तर आहेच. हेलीवर कॅमेरा लावायची हौस असेल तर ती वस्तीजवळ नको. कोणाच्या न्हाणीघराच्या, गच्चीच्या दिशेने कॅमेरा गेला की पुढचं सगळं भांडण तुमच्या वाट्याला.

वेळही माणसांचीच असते. दहावी-बारावीच्या परीक्षांच्या दिवसांत आणि दुपारच्या झोपेच्या वेळी वस्तीजवळ आवाज करू नका. एप्रिल-मेमध्ये घराघरांच्या गच्चीवर बिबडे, पापड, कुरडया वाळत पडलेल्या असतात. तिथे हेली पडली तर काकूंचा अख्खा दिवस वाया, शिवाय वाळवण राखत बसलेलं पोर तिथेच असतं. संक्रांतीच्या आठवड्यात तर खोक्यात ठेवा: आभाळात जागोजागी मांजा, आणि नायलॉनचा मांजा रोटर हेडला गुंडाळला की हेली दगडासारखी खाली येते.

पायरी ५: बॅटरीला विस्तव समजा

लायपो बॅटरीचा प्रत्येक सेल ३.७ व्होल्टचा म्हणतात, पूर्ण भरल्यावर तो ४.२ असतो. त्याच्यावर भरायचा नाही आणि उडवताना ३.५ च्या खाली न्यायचा नाही. चार्जिंग एक-सी वर, म्हणजे बॅटरीच्या क्षमतेइतक्याच करंटवर: २,२०० एमएएचच्या बॅटरीला २.२ अँपिअर, घाई असली तरी जास्त नको. बॅलन्स लीड (सगळे सेल सारखे भरावेत म्हणून असलेली बारीक वायर) जोडल्याशिवाय चार्ज लावू नका.

चार्ज कुठे करायची? फरशीवर, मातीच्या रुंद कुंडीत, बाजूला कोरड्या वाळूची बादली. गॅस सिलिंडर, मीटर बॉक्स, लाकडी कपाट आणि पडदे लांब. आणि तिथे माणूस बसलेला हवा. बॅटरी चार्जिंगला लावून भाजी आणायला जायचं नाही, झोपायचं तर मुळीच नाही. लाइट गेली तर चार्जर बटणापासून बंद करा. आपल्याकडे लाइट परत येताना व्होल्टेज कसं येतं ते सांगायला नको. आली की पाच मिनिटं थांबून सेलचे आकडे बघूनच पुन्हा लावा.

दुसरा शत्रू ऊन. मे महिन्यात भुसावळ-जळगावचा पारा ४५ च्या पुढे जातो, तेव्हा काचा बंद करून उन्हात उभ्या केलेल्या गाडीत किंवा स्कूटीच्या डिक्कीत बॅटरी ठेवणं म्हणजे ती फुगायला ठेवणं. पत्र्याच्या खोलीतही नको. जाड कापडी पिशवीत, सावलीत, माणसाच्या सोबत न्या. उडवून आल्यावर हाताला चटका बसत असेल तर लगेच चार्ज लावू नका, गार होऊ द्या.

दोन-तीन दिवस उडवणार नसाल तर सेल ३.८ व्होल्टवर आणून ठेवा, चार्जरमध्ये त्यासाठी ‘स्टोरेज’ असा पर्याय असतो. भरलेली बॅटरी आठवडाभर तशीच पडली की आतून खराब होत जाते.

बॅटरी दोन बोटांत धरून बघायची सवय लावा. नवी बॅटरी विटेसारखी घट्ट आणि चारी कडांनी सपाट असते. बिघडलेली मधून उशीसारखी वर येते, दाबली की किंचित मऊ लागते, कधी गोडसर वास येतो. तशी दिसली की ती परत कधीच हेलीत जाणार नाही. उघड्यावर, वाळूत ठेवून छोट्या बल्बवर हळूहळू पूर्ण रिकामी करा आणि ई-कचरा घेणाऱ्याकडे द्या. घंटागाडीत टाकू नका. गाडीत कचरा दाबला जातो, तिथे ती पेट घेऊ शकते आणि भाजतो तो सफाई कामगार.

पायरी ६: पाती फिरण्याआधी

सावलीत बसून, घाई न करता. हेली आडवी धरा: पाती स्वतःच्या वजनाने खाली पडायला नकोत, पण बोटाने ढकलली तर हलायला हवीत. पात्याचा बोल्ट एवढाच कसायचा. पात्यावर नख फिरवा. बारीक चीर डोळ्याला दिसत नाही, नखाला लागते. प्रत्येक बॉल लिंक (दांड्यांच्या टोकाचा गोल सांधा) हलकेच ओढून बघा, सैल निघाली तर बदला. शेपटीचा बेल्ट किंवा शाफ्ट हाताने फिरवून बघा. बॅटरीचा पट्टा दोनदा.

मग विजेचा भाग, आणि इथे क्रम महत्त्वाचा. आधी ट्रान्समीटर चालू, थ्रॉटल होल्डचं, म्हणजे मोटर बंद ठेवणारं, बटण ‘होल्ड’वर, मगच हेलीची बॅटरी जोडायची. बंद करताना उलट: आधी बॅटरी काढायची, मग ट्रान्समीटर. बॅटरी जोडल्यावर हेलीला काही सेकंद हात लावू नका, जायरो (हेलीचं वळणं-कलणं ओळखणारा सेन्सर) स्थिर होऊ द्या.

हेली हातात उचलून पुढे झुकवा. स्वॉशप्लेट (मुख्य पात्यांचा कोन बदलणारी चकती) मागे झुकून ती चूक सुधारायचा प्रयत्न करताना दिसली पाहिजे. उजवीकडे झुकवा, स्वॉश डावीकडे. नाक हाताने झटकन वळवा, शेपटीच्या पात्यांनी उलट दिशेने जोर लावायला हवा. यातलं एकही उलटं दिसलं तर हेली जमिनीवरून उठता क्षणी आडवी होईल. खोकं उघडल्यावर आणि प्रत्येक दुरुस्तीनंतर हे करायचंच.

फेलसेफही बघायचा, म्हणजे सिग्नल तुटला तर मोटर बंद होते की नाही. ही चाचणी मोटरच्या वायरी काढून किंवा पाती उतरवून घ्या, घरात फिरत्या पात्यांनी कधीच नको. ट्रान्समीटर बंद केला की थ्रॉटल शून्यावर गेला पाहिजे. बऱ्याच रेडिओमध्ये हे बाइंड करतानाच, म्हणजे ट्रान्समीटर आणि हेलीतल्या रिसीव्हरची जोडी लावतानाच, ठरवायचं असतं आणि नवशिके तिथेच विसरतात. रेडिओला रेंज तपासण्याचा वेगळा मोड असेल तर तो लावून तीसेक पावलं लांब जा आणि सर्व्हो (स्वॉश आणि शेपटी हलवणाऱ्या छोट्या मोटरी) नीट हलतात का बघा. होल्डवर, अर्थात.

पायरी ७: उडवताना

सकाळी सात ते नऊ ही आपल्याकडची सोन्याची वेळ, हिवाळ्यात तर फारच. उन्हाळ्यात अकरानंतर वावटळी उठतात. दूरवर धुळीचा खांब दिसला की हेली खाली. सूर्य पाठीशी ठेवा. बूट घाला, चपला नकोत. डोळ्यांवर साधा संरक्षक चश्मा. गळ्यात रुमाल, लोंबणारी दोरी काही नको.

४५० पासून तुम्ही स्वतः दहा मीटर लांब उभे राहा. बघे तुमच्या मागे, निदान तीस मीटर, आणि एकाच बाजूला. गावात हेली उडाली की लोक जमतातच. “हाई काय शे भो?” म्हणत पहिला माणूस येतो, त्याच्यामागे पाच पोरं सायकलींवर. म्हणून एक जण सोबत हवाच, भाऊ असो की मित्र, ज्याचं काम आकाशाकडे बघायचं नाही, लोकांकडे बघायचं. त्याने “थांब!” म्हटलं की तुम्ही प्रश्न न विचारता हेली उतरवायची. असा माणूस नसेल तर त्या दिवशी उडवणं नाही. फोन दोघांचेही खिशात.

पहिल्या बॅटऱ्या ट्रेनिंग गियर लावून घ्या, म्हणजे खाली लावायच्या आडव्या-उभ्या काड्या आणि टोकांना प्लास्टिकचे चेंडू. दिसायला विनोदी, पण हेली कलंडत नाही. उंची डोक्याच्या खाली किंवा चांगली वर. डोक्याच्या बरोबरीची उंची सगळ्यात वाईट. स्वतःच्या आणि बघ्यांच्या डोक्यावरून कधीच नेऊ नका. समोरच्या अर्ध्या भागातच फिरवा, मागे नाही. विमानाचा किंवा खऱ्या हेलिकॉप्टरचा आवाज आला तर दिसायची वाट न बघता उतरवा. घारी जवळ यायला लागल्या तरीही तेच.

ट्रान्समीटरवर वेळ लावून ठेवा. पाच मिनिटांची बॅटरी असेल तर चौथ्या मिनिटाला उतरा.

थ्रॉटल होल्डचं बटण न बघता सापडलं पाहिजे, घरी बसून बोटाला शिकवा. हेली हातातून गेली असं वाटलं की वाचवायच्या नादात थ्रॉटल वाढवू नका. होल्ड मारा, पडू द्या. पात्यांना जोर लागलेला असताना जमिनीवर आपटलेली हेली उडी मारून कुठे जाईल सांगता येत नाही. जोर काढून टाकलेली हेली बहुधा पडली तिथेच राहते.

होल्ड मारला तरी पाती लगेच थांबत नाहीत, बराच वेळ गिरकत राहतात. ती पूर्ण थांबेपर्यंत जागचे हलू नका आणि कोणाला हलू देऊ नका. पडलेल्या हेलीकडे सगळ्यात आधी धावतात ती लहान पोरं, म्हणून तुमचा तो सोबतचा माणूस त्या क्षणी पोरांसमोर हात पसरून उभा पाहिजे.

पायरी ८: पडल्यावर

होल्ड चालू आहे ना ते बघा, पाती थांबलेली बघा, मग जा. पहिलं काम बॅटरी काढणं. दबलेली, फाटलेली बॅटरी पिशवीत टाकून गाडीत ठेवू नका. मोकळ्या मातीवर, गवतापासून लांब, वीस मिनिटं डोळ्यांसमोर ठेवा. काही बॅटऱ्या उशिरा पेटतात. धूर निघाला तर वाऱ्याच्या वरच्या अंगाला सरका, तो धूर छातीत जायला नको. वाळू टाका आणि जळू द्या.

कोणाला लागलं असेल तर हेली तिथेच राहू दे. पात्याची जखम खोल असते. स्वच्छ कापड घट्ट दाबून धरा, तो भाग उंच ठेवा आणि १०८ ला फोन लावा. हळद-चुना लावत बसू नका. अपघाताची माहिती डीजीसीएला ४८ तासांच्या आत ऑनलाइन द्यायची असते. नॅनोच्या वरच्या यंत्रांना नियमांप्रमाणे तिसऱ्या व्यक्तीसाठीचा विमाही लागतो; ४५० चा विचार करत असाल तरी हा खर्च आधीच धरा.

कोणाचं कौल, पत्रा, घड, पाइप तुटलं असेल तर त्याच दिवशी मालकाकडे जाऊन सांगा आणि भरून द्या. ठिबकची नळी पाच मिनिटांत जोडता येते, पण न सांगता निघून गेलात तर ते वावर पुढच्या रविवारी मिळत नाही. तुमच्यामुळे इतरांनाही मिळत नाही.

घरी आल्यावर मुख्य शाफ्ट आणि फेदरिंग शाफ्ट (पाती धरणारी हेडमधली आडवी दांडी) काढून काचेवर लोळवून बघा, जरासा वाकला असेल तरी थरथरत लोळतो. वाकलेला सरळ करू नका, नवा टाका. एक पातं चिरलं असेल तर जोडीच बदला. आणि चिरलेलं पातं टाकून देण्याआधी करवतीने मधोमध कापा, म्हणजे ते परत कोणी हेलीला लावणार नाही.